आधी घड्याळाची पाठ बघ

नर्सिंगला नंबर लागला म्हणून मामांनी घड्याळासाठी दोन हजार रुपये हातावर ठेवले आणि तू लगेच मला फोन केलास, "ताई, कोणतं घेऊ?" तेव्हा घाईत दोन शब्द सांगितले, पण माझं मन भरलं नाही, म्हणून आता निवांत लिहितेय. आपल्याकडं घड्याळ घ्यायचं ते नवरदेवाला. पोरीच्या वाट्याला आलंच तर ते सोनेरी, इवल्याशा डायलचं, लग्नकार्यात मिरवायचं आणि एरवी कपाटातल्या डबीत ठेवायचं. तुला मात्र कामाचं घड्याळ मिळतंय, तेही स्वतःच्या पसंतीनं. मग ते नीट पारखूनच घे.

तुझा दिवस मी डोळ्यांसमोर आणते. सकाळी केदारखेड्याच्या स्टँडवर भोकरदनहून येणारी एसटी धरायची, राजूरवरून जालना गाठायचं. दिवसभर वर्ग, नाहीतर वॉर्ड. सुट्टी असली की आईबरोबर कापूस वेचायला. शेतीची लाईट कधी दिवसा, कधी रात्री; रात्रीची पाळी आली की अण्णांबरोबर बॅटरी घेऊन बाऱ्यावर, पिकाला पाणी द्यायला. म्हणजे घाम, धूळ, चिखल, साबण, स्पिरिट, या सगळ्यातून हे एकच घड्याळ जायचंय. दोन हजारांत असं घड्याळ मिळतं. मी तर म्हणेन, दोन हजार सगळे खर्चूसुद्धा नकोस. दीड हजारापर्यंत बघ आणि उरलेले पुढच्या सेलसाठी, पट्ट्यासाठी बाजूला ठेव. घड्याळाचा खर्च दुकानातून बाहेर पडलं की संपला, असं होत नाही.

मैत्रिणी तुला स्मार्टवॉच घे म्हणत असतील. दीड हजारात तीही मिळतात, पावलं मोजतात, नाडीचे ठोके दाखवतात. पण तुला तुझी नाडी मोजायची नाहीये, रुग्णाची मोजायची आहे. त्यासाठी लागतो तो सेकंदकाटा. लहान बाळाचा श्वास मोजताना एक नजर छातीवर, एक नजर काट्यावर, आणि तेही पूर्ण मिनिटभर; तीस सेकंद मोजून दुप्पट करायचं नाही, कारण बाळाचा श्वास एका लयीत चालत नाही. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास, दोन महिन्यांपासून वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, वर्षापासून पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त, हा जलद श्वास समजतात आणि न्यूमोनियाची शंका तिथून सुरू होते. हे तुला पुढं शिकवतीलच. आशाताई नवजात बाळाला बघायला घरी येतात ना, त्यांच्या किटमध्येही घड्याळ दिलेलं असतं ते याचसाठी. अशा वेळी मनगटावरचा पडदा काळा झाला, बोट लावून जागा करावा लागला, की मोजणी हुकली. शिवाय ते दर काही दिवसांनी चार्जिंगला लावायचं. घरात एक बोर्ड, त्यावर चार मोबाईल रांगेत, त्यात पाचवं हे कुठं बसवतेस?

मोबाईलच बघेन म्हणालीस तर तेही मला पटत नाही. चिखलाच्या हातानं मोबाईल काढता येत नाही, वॉर्डात काढायचा नसतो, आणि वेळ बघायला काढला की दहा मिनिटं दुसरंच काहीतरी बघण्यात जातात. पुढं सरकारी भरतीची परीक्षा देशील तेव्हा स्मार्टवॉच तर बाहेरच ठेवावं लागेल. साधं काट्यांचं चालतं की नाही ते मात्र प्रत्येक वेळी प्रवेशपत्रावर वाचायचं. नीटसारख्या परीक्षेत कोणतंच घड्याळ आत नेऊ देत नाहीत.

म्हणून डायल कशी हवी, ते आधी ठरव. पांढऱ्यावर काळे आकडे किंवा काळ्यावर पांढरे, बाराही आकडे लिहिलेले, बाहेरच्या कडेला साठ बारीक रेघा. सेकंदकाटा त्या रेघांपर्यंत पोचणारा आणि शक्यतो वेगळ्या रंगाचा, लाल असला तर फार छान. नुसते चार खडे लावलेली डायल दिसायला सुरेख, पण तिच्यावर सतरावा सेकंद कोणता ते कुणालाच सांगता येणार नाही. मोठ्या डायलमध्ये तीन छोट्या डायल असलेल्या घड्याळांपासून तर लांबच राहा. त्यातल्या पुष्कळांचा मधला मोठा काटा बटण दाबेपर्यंत जागचा हलत नाही, आणि खरे सेकंद एका कोपऱ्यातल्या इवल्या डायलमध्ये फिरत असतात. हलक्या घड्याळांत तर त्या छोट्या डायल नुसत्या छापलेल्या असतात.

आणखी एक गोष्ट कॉलेजात आधीच विचारून घे. काही दवाखान्यांत कोपराखाली काहीच घालू देत नाहीत; बांगडी नाही, अंगठी नाही, घड्याळही नाही, कारण त्याखाली हात नीट धुतला जात नाही. तिथं नर्स ड्रेसला उलटं लटकवायचं घड्याळ लावतात. तुमच्याकडं तसा नियम असेल तर ते साधं लटकवायचं वेगळं घ्यावं लागेल आणि मनगटाचं रानासाठी, प्रवासासाठी राहील. हे कळल्यावरच पैसे मोड.

दुकानात गेलीस की तुला सरळ लेडीज घड्याळांच्या काउंटरकडं नेतील. तिथं बघायला काही हरकत नाही, पण तिथंच अडकू नकोस. मनगटावर घड्याळ बांधायची चाल मुळात बायकांचीच आहे. एकोणिसाव्या शतकात युरोपातले पुरुष घड्याळ साखळीला लावून खिशात ठेवायचे. मनगटावर बांधायच्या त्या बायका, दागिना म्हणून. पुरुषांना तो बायकी प्रकार वाटायचा. पहिल्या महायुद्धात खंदकात उभं राहून खिशातून घड्याळ काढायला हात मोकळा मिळेना, तेव्हा शिपायांनी ते मनगटावर घेतलं, आणि युद्ध संपल्यावर घरी आले तेही तसंच. पुढं मोठं, दणकट, लांबून वाचता येणारं ते पुरुषांचं ठरलं आणि नाजूक ते आपलं. तुझं काम नाजूक नाही. तेव्हा जेन्ट्सच्या काउंटरवरचं छोटं किंवा दोघांनाही चालेल असं घे. माप म्हणून दहा रुपयांचं नाणं बरोबर ठेव. ते २७ मिलिमीटरचं असतं. डायलच्या काचेवर ते नाणं मधोमध धर. घड्याळाची बॉडी नाण्याच्या चहूबाजूंनी चार-पाच मिलिमीटर बाहेर दिसली की ते ३५ ते ३७चं झालं. तुझ्या मनगटाला तेवढं पुरे. पट्टा जिथं अडकवतात ती दोन्ही टोकं मनगटाच्या बाहेर आली नाहीत म्हणजे कापसाच्या बोंडात, साडी-ओढणीत अडकायचं नाही.

आता मुख्य गोष्ट. समोरून घड्याळ आवडलं की लगेच ते उलटं कर आणि मागचं झाकण वाच. दुकानदार काहीही सांगो, घड्याळानं स्वतःबद्दल जे सांगायचं ते बहुतेक वेळा तिथं बारीक अक्षरांत कोरलेलं असतं. दिसत नसेल तर मोबाईलनं फोटो काढून मोठा करून बघ.

पहिलं पाणी. दुकानदार 'वॉटरप्रूफ' म्हणेल. झाकणावर 'वॉटर रेझिस्ट' लिहिलेलं असतं, आणि त्यापुढं ३०, ५० किंवा १०० मीटर, नाहीतर ३, ५ किंवा १० बार. ३० मीटर म्हणजे ते घालून विहिरीत तीस मीटर खोल जाता येतं असा अर्थ लावू नकोस. नवं कोरं घड्याळ कारखान्यात स्थिर पाण्याचा तेवढा दाब सहन करतं, एवढंच ते सांगतं. मनगटावर हात हलतो, नळाची धार जोरात बसते, साबण लागतो, घड्याळ जुनं होतं. व्यवहारात ३० मीटरचं घड्याळ म्हणजे चार शिंतोडे आणि तोंड धुताना उडालेलं पाणी. ५० मीटरचं असेल तर रोजचं हात धुणं आणि मृगाच्या पावसात भिजणं निभावतं. १०० मीटरचं घालून पोहताही येतं. नुसतंच 'वॉटर रेझिस्ट' लिहिलंय, आकडा नाही, तर ते ३०चं समजून चाल. वॉर्डात दिवसातून कितीतरी वेळा हात धुणारी तू, ५०च्या खाली उतरूच नकोस, आणि १००चं बसत असेल तर तेच घे.

हे पाणी अडवतं काय, तर मागच्या झाकणाखालची एक बारीक रबरी रिंग आणि चावीच्या दांड्यावरची तिच्याहून बारीक दुसरी. कुकरच्या झाकणाची रिंग जशी उष्णतेनं, वापरानं कडक होते, चिरते आणि मग वाफ धरत नाही, तसंच यांचं होतं. म्हणून आंघोळीच्या कढत पाण्यात घड्याळ नको; गरम पाणी, साबण आणि लगेच थंड पाणी हे त्या रबराला फार वाईट. वेळ लावायला ओढलेली चावी परत दाबली की नाही ते बघायची सवय लाव, कारण चावी बाहेर असली की १०० मीटरचं घड्याळही उघड्या दारासारखंच. उन्हाळ्यात ते पत्र्यावर, गाडीच्या सीटवर उन्हात ठेवू नकोस. आणि काचेच्या आतून वाफ धरलेली दिसली तर उन्हात ठेवून, तांदळाच्या डब्यात पुरून वेळ घालवू नकोस. त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, उघडून कोरडं करून घे. आतल्या दांड्या गंजायला फार वेळ लागत नाही.

त्याच झाकणावर दुसरं वाचायचं ते धातूचं. 'स्टेनलेस स्टील बॅक' असं लिहिलं असेल तर त्याचा सरळ अर्थ, फक्त झाकण स्टीलचं. बाकी बॉडी पितळेची नाहीतर हलक्या मिश्रधातूची, वरून मुलामा दिलेली. सगळं स्टीलचं असेल तर बहुतेक तसं लिहितात, किंवा नुसतं 'स्टेनलेस स्टील' असतं. घामाच्या माणसाला मुलामा टिकत नाही. पट्ट्याजवळच्या कोपऱ्यांवरून तो आधी उडतो, तिथं हिरवट-काळं दिसायला लागतं, आणि मुलाम्याखालच्या निकेलनं काहींच्या मनगटाला खाजही सुटते. वैशाखात कापसाच्या पऱ्हाट्या उपटताना किती घाम येतो ते तुला मी सांगायला नको. तेव्हा एकतर पूर्ण स्टीलचं घे, नाहीतर सरळ रेझिनचं, म्हणजे चांगल्या प्लास्टिकच्या बॉडीचं. तुझ्या बजेटमध्ये मला रेझिनचं जास्त पटतं. वजनाला हलकं, घाम त्याला काही करत नाही, दगडावर आपटलं तरी बहुधा नुसता चरा पडतो, आणि स्पिरिटच्या बोळ्यानं हलकेच पुसलं की स्वच्छ. दिसायला साधं दिसतं हे खरं. पण सोनेरी मुलामा उडालेल्या घड्याळापेक्षा काळं साधं घड्याळ मला तरी कितीतरी देखणं वाटतं.

काचेचं थोडक्यात सांगते. स्वस्त घड्याळाला एकतर ॲक्रिलिकची, म्हणजे प्लास्टिकची काच असते नाहीतर मिनरल काच. ॲक्रिलिकवर चरे लवकर पडतात, पण ती फुटून डोळ्यात जात नाही आणि बारीक चरे टूथपेस्ट लावून मऊ कापडानं घासले की बरेच निघतात. मिनरलवर चरे कमी, पण फरशीवर कोपऱ्यावर आपटली तर तडकते. सफायरची सगळ्यांत कठीण, तिचा खर्च तुझ्या पैशात बसत नाही. पूर्णा नदीच्या वाळूतले गारगोटीचे कण साध्या काचेपेक्षा कठीण असतात, म्हणून धुळीनं माखलेली काच ओढणीनं कोरडी घासायची नाही. आधी फुंकर, मग ओलं फडकं. आणि काच डायलच्या कडेपेक्षा किंचित खाली बसवलेली असेल, म्हणजे भोवतालची कड वर उचललेली असेल, तर भिंतीला घासलं तरी चरा कडेवर जातो. दुकानात घड्याळाची काच खाली करून अलगद काउंटरवर ठेवून बघ, कोण टेकतंय ते लगेच कळतं.

पट्ट्याला चामडं नको. घामानं कुजतं, वास मारतं, आणि दवाखान्यात ते निर्जंतुक करता येत नाही. कापडी पट्टा रानात छान, पण तोही पाणी धरून ठेवतो. रबराचा किंवा रेझिनचा चांगला. स्टीलची चेन टिकते, पण हातावरची लव ओढते आणि कड्यांत मळ साचतो, तो काढायला जुना ब्रश लागतो. मात्र पट्टा कसा जोडलाय ते नीट बघ. दोन टोकांच्या मध्ये सरळ पिन असेल आणि रुंदी १८ किंवा २० मिलिमीटर असेल, तर उद्या तुटल्यावर कोणत्याही बाजारात घड्याळवाल्याकडं पट्टा मिळेल. काही प्लास्टिकच्या घड्याळांना त्यांच्याच कंपनीच्या आकाराचा, खाचेचा पट्टा लागतो. तो मिळाला नाही की चालू घड्याळ खुंटीला लागतं. दुकानदाराला आत्ताच विचार, "याचा पट्टा सुटा मिळतो का, दाखवा." दाखवला तर घे.

मशीनबद्दल आता. तू सेलवरचंच, म्हणजे क्वार्ट्झ घे. आत क्वार्ट्झचा बारीक तुकडा असतो, सेलच्या विजेनं तो सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. आतलं सर्किट तो आकडा पंधरा वेळा निम्मा निम्मा करत आणतं आणि शेवटी सेकंदाला एक ठोका उरतो, त्यावर काटा एक घर पुढं सरकतो. वहीवर करून बघ, बरोबर एक उरतो. जगातलं पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ जपानच्या सेकोनं १९६९ च्या नाताळात बाजारात आणलं तेव्हा ते चैनीचं होतं; आज तेच तंत्र हजाराच्या आतल्या घड्याळात आहे आणि महिन्याला पंधरा-वीस सेकंदांपलीकडं सहसा चुकत नाही. म्हणून वेळेच्या अचूकपणासाठी जास्त पैसे मोजायची गरज नाही. पैसे मोजायचे ते पाणी, बॉडी आणि पट्टा यांसाठी.

अण्णांचं कपाटातलं एचएमटी तुला हवं होतं, ते मला माहीत आहे. मलाही ते फार आवडतं. बंगळूरच्या कारखान्यात १९६१ पासून जपानच्या सिटिझनच्या सहकार्यानं ही घड्याळं बनायला लागली, आणि चावीचं 'जनता' आपल्या गावोगावच्या मास्तरांच्या, कंडक्टरांच्या मनगटावर असायचं. २०१६ मध्ये सरकारनं ती घड्याळ कंपनी बंद करायचं ठरवलं. पण ते घड्याळ रोज चावी द्यायचं, पाण्याला जपायचं, दर काही वर्षांनी साफसफाई-तेल मागणारं आहे, आणि ते नीट उघडणारे हात आता कमी झालेत. ते अण्णांकडंच राहू दे, सणाला घाल. आणि ऑनलाइन 'नवं एचएमटी' म्हणून जी रंगीबेरंगी डायलची दिसतात, त्यांतल्या कितीतरी घड्याळांत जुन्याच मशीनवर नव्यानं रंगवलेली डायल असते. रोजच्या वापराला ती नकोत.

सेलचंही एक बघून ठेव. बहुतेक साध्या घड्याळांत ३७७ नंबरचा, म्हणजेच ६२६ मापाचा सेल असतो, शर्टाच्या बटणाहून लहान. त्याचे दोन प्रकार मिळतात. 'एसआर'नं सुरू होणारा सिल्व्हर ऑक्साइडचा आणि 'एलआर'नं सुरू होणारा अल्कलाइन. दिसायला सारखे, बसतातही दोन्ही. पण अल्कलाइन लवकर उतरतो आणि संपल्यावर पाझरतो, ते पाणी सर्किट खातं. सेल बदलताना समोर बसून सांगायचं, "एसआरचाच घाला." थोडे पैसे जास्त पडतील, द्यायचे. त्याच वेळी रिंग दाखवायला सांगायची; कडक झाली असेल तर बदलून, थोडं सिलिकॉन ग्रीस लावून झाकण बसवून घ्यायचं. स्क्रूचं झाकण असेल तर ते नीट आवळता येतं. दाबून बसवायचं असेल तर चाकूनं उचकटू देऊ नकोस, त्यानं कड वाकते आणि मग पाणी शिरतंच. काही घड्याळांत सेल संपत आला की सेकंदकाटा एकदम काही सेकंदांच्या उड्या मारायला लागतो. ते बिघडलं म्हणून घाबरू नकोस, ते सेल मागतंय. आणि बंद पडलेलं घड्याळ मेलेल्या सेलसकट महिनोन्‌महिने ठेवायचं नाही.

रात्रीच्या पाण्याच्या पाळीसाठी काट्यांवर उजेड देणारा रंग आहे का तेही बघ. दुकानात काचेवर हात धरून, ओंजळीत अंधार करून बघितलं की कळतं. आताचा हा रंग दिवसाचा उजेड शोषून रात्री परत देतो आणि अंगाला काही करत नाही. जुन्या काळी मात्र खरोखर रेडियमच लावायचे. अमेरिकेत न्यू जर्सी आणि इलिनॉयमधल्या कारखान्यांत तुझ्याच वयाच्या पोरी ते काम करायच्या, ब्रशला टोक यावं म्हणून तो ओठांत धरायच्या, कारण त्यांना तसंच शिकवलं होतं. जबड्याची हाडं झिजून, रक्त कमी होऊन त्यातल्या कितीतरी मेल्या. न्यू जर्सीतल्या पाच जणींनी कंपनीला कोर्टात खेचलं आणि १९२८ मध्ये कंपनीला भरपाई द्यावी लागली. कामगारांच्या आरोग्याचे कायदे कडक व्हायला त्यांच्या लढ्याचा फार उपयोग झाला. तू आरोग्याच्या क्षेत्रात चाललीस म्हणून हे तुला सांगावंसं वाटलं. रुग्ण आला की तो काय काम करतो हे विचारायला विसरू नकोस.

आता नावं सांग म्हणशील, तर सांगते, पण दुकानात जे दिसेल त्याचं झाकण वाचल्याशिवाय माझ्या शब्दावर जाऊ नकोस. कॅसिओचं एमडब्ल्यू-२४० म्हणून एक आहे, मोठे स्पष्ट आकडे, रेझिनची बॉडी, ५० मीटर. त्यांचंच एमआरडब्ल्यू-२००एच आहे, १०० मीटरचं, वार-तारीख दाखवणारं, आणि डायलभोवतीची कड फिरणारी. त्या कडेचा उपयोग फार छान होतो. पाण्याची मोटार चालू केली की कडेवरची खूण मिनिटकाट्यासमोर आणून ठेवायची, मग किती मिनिटं झाली ते नुसतं बघितलं की कळतं. वॉर्डात सलाईन लावल्यावरही तसंच. तुझ्यासाठी माझं मन या दुसऱ्याकडं झुकतं, फक्त तुझ्या मनगटाला मोठं होत नाही ना ते नाणं धरून बघ. त्याच कंपनीचं एमक्यू-२४ सगळ्यांत स्वस्त आणि हलकं, पण पाण्याचा आकडा त्यावर नाही, म्हणून तुला नको. आपल्या देशातलं हवं असेल तर टायटन कंपनीचं सोनाटा आहे. टायटन १९८४ मध्ये टाटा आणि तमिळनाडू सरकारचं महामंडळ यांनी मिळून काढली. सोनाटा हा तिचाच स्वस्त प्रकार. त्यात धातूची पुष्कळशी ३० मीटरची निघतात, पण प्लास्टिकच्या बॉडीची जास्त पाणी सोसणारीही मिळतात, ती मागून घे. मॅक्झिमा आणि टायमेक्समध्येही या पैशात बघण्यासारखं असतं. ठरवताना कंपनीच्या नावापेक्षा बिघडल्यावर ते जालन्यात कोण उघडेल, हे विचार.

बसस्टँडवर दोनशे-तीनशेला मोठमोठ्या कंपन्यांची नावं लिहिलेली घड्याळं मिळतात, राजूरला अंगारकीच्या गर्दीतही गाड्यांवर मांडलेली असतात. ती नकली. भावाला खेळायला घ्यायचं तर घे, पण बाळाचा श्वास मोजायला नको. ऑनलाइन स्वस्त पडलं तरी विकणारा कोण ते बघायचं, आणि पहिल्यांदाच घेतेस तर दुकानातूनच घे. हातात घालून, उलटं करून, अंधार करून बघता येतं. पक्कं बिल माग, वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का आणि तारीख मारून घे. सेल, पट्टा आणि काच सहसा वॉरंटीत धरत नाहीत आणि पाणी शिरलं तर काय, हे कार्डाच्या मागच्या बाजूला लिहिलेलं असतं. ते तिथंच उभं राहून वाच. दुकानदार घाई करेल. करू दे.

फवारणीच्या दिवशी मात्र घड्याळ घरी. औषधातले द्रावक प्लास्टिकला पांढरं पाडतात, पण खरी काळजी ती नाही. पट्ट्याखाली औषध साचून राहतं आणि दिवसभर कातडीला लागत राहतं. कापडी पट्टा असेल तर तो ते पिऊनच बसतो. अण्णांनाही हे सांग, माझं ऐकत नाहीत, तुझं ऐकतील. एरवी संध्याकाळी घरी आलीस की घड्याळ काढून ओल्या फडक्यानं मागची बाजू आणि पट्टा पुसायचा, मनगट कोरडं करायचं. रात्री झोपताना काढून ठेव, कातडीलाही वारा लागू दे.

जालन्याला येशील त्या दिवशी सकाळच्या गाडीनं ये, आधी कॉलेजची फी भर, मग जेवून दुकानात जाऊ. मला सुट्टी असली तर मी येईनच बरोबर. नाही जमलं तर एकटी जा, त्यात काही अवघड नाही. पैसे द्यायच्या आधी मला व्हॉट्सॲपवर घड्याळाचा फोटो पाठव, पण समोरचा नको, मागच्या झाकणाचा, अक्षरं वाचता येतील असा.